साहेबाचे ओटे

कोंकणांतील बंदरगांवांच्या इतिहासावर लहानमोठ्या पुस्तिका, उत्सवांचे विशेष अंक आणि किल्ला दाखविणाऱ्यांच्या तोंडच्या हकीकती यांचें एक स्वतंत्र वाङ्मयच झालें आहे. टीकाकार त्याकडे सहसा वळत नाहींत. वळलेच तर कौतुकाचे दोन शब्द लिहून मोकळे होतात. हें कौतुक आम्हांस उपेक्षेहूनहि वाईट वाटतें. म्हणून त्यांतील एकच गोष्ट येथें पारखून पाहावयाची आहे.

विजयदुर्गच्या किल्ल्यांत कांहीं दगडी ओटे आहेत. गांव त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं नॉर्मन लॉक्यर या इंग्रज ज्योतिर्विदानें त्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलें व हेलियम वायूचा शोध लाविला, अशी गोष्ट सांगतात. त्या तारखेस किल्ल्यावर स्मरणसमारंभहि झाले आहेत. परंतु त्या दिवशीं लॉक्यर हिंदुस्थानांत नव्हताच! फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन हा गुंटुर येथें होता, आणि सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट ग्रहण सुटल्यावरहि पाहतां येतो हें त्यानें तेथें ताडलें. लॉक्यरनें तेंच काम २० ऑक्टोबर रोजीं इंग्लंडांत, ग्रहणावांचून, स्वतंत्रपणें केलें. तो वायु पृथ्वीवर हातीं लागला १८९५ सालीं, रॅम्झेच्या प्रयोगशाळेंत.

मग ओट्यांची गोष्ट बनावट म्हणावयाची काय? मुळींच नाहीं. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण पाहण्यास लॉक्यर खरोखरच विजयदुर्गास आला होता. ‘मेलपोमेनी’ या लढाऊ जहाजावरील अधिकारी व खलाशी त्याच्या हाताखालीं काम करीत होते. साहेब, ग्रहण आणि किल्ला हीं तिन्ही गांवानें बरोबर ध्यानांत ठेविलीं. ३० वर्षांची चूक आमच्या मतें लिहिणाऱ्यांची आहे. नुसतें ग्रहण त्यांस पुरेना. शोधाचा मान पाहिजे होता.

या हव्यासानें गमावलें किती, तें पाहावें. १८९८ च्या त्याच ग्रहणाकरितां सोलापुराकडील जेऊर येथें पुण्याच्या कॉलेजांतील प्रोफेसर कावसजी नायगमवाला यांनीं आपला तळ टाकिला होता. आमच्याच धंद्यांतील हे एतद्देशीय गृहस्थ. त्यांचें नांव या हकीकतींत आम्हांस कोठें आढळलें नाहीं. दुर्बिणींच्या अवजड पेट्या धक्क्यावरून किल्ल्यांत कोणीं वाहिल्या, भर दुपारीं अंधार पडला तेव्हां बंदरांतील होड्यांवर काय झालें, हें विचारण्याजोगीं माणसें पुढें कित्येक वर्षें गांवांत हयात असलीं पाहिजेत. त्यांस कोणीं विचारलें नाहीं.

दुसरी खोड याहून जुनी आहे. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं हा किल्ला घेतला व तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळून गेलें, हें सर्व हकीकतींत रंगवून येतें. त्या वेळीं जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज इंग्रजांची मित्र म्हणून उभी होती, हें वाक्य मात्र हलक्या आवाजांत निघतें. पुष्कळदां निघतच नाहीं. ज्या गांवाचें आरमार जळालें त्या गांवानें तरी तें मोठ्यानें सांगावयास नको काय?

गेल्या खेपेस ओट्यांपाशीं उभें राहून आम्ही किल्ला दाखविणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांस १८९८ ची सारी हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाले, “मगे सायब दोनदां इलो आसतलो.”