कौलांखालचं पीओपी

मीरा रोडच्या फ्लॅटांत हल्ली ‘वाडा लुक’ला मोठी मागणी आहे. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून सागवानी दरवाजा आणून त्यावर काच टाकतात, त्याचं टेबल होतं. हॉलमध्ये कोरीव खांब उभा राहतो, त्याच्यावर कसलाच भार नसतो. खांब मूळचा कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या पडवीतला. आणि फ्लॅटमधली पडवी, म्हणजे गॅलरी, सरकत्या खिडक्या लावून हॉलमध्ये घेतलेली. लहान घरात ती जागा सोडणं जड जातं, हे मान्य. तरी हा व्यवहार मला पटत नाही. चार्ल्स कोरियांनी पेडर रोडच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) बंगल्याच्या व्हरांड्याचं काम नेमकं ओळखलं होतं: ऊन-पाऊस राहत्या खोल्यांपासून लांब ठेवणं. त्यासाठी त्यांनी कोपऱ्यांवर दुमजली उंचीच्या मोकळ्या गच्च्या दिल्या. नक्षीची एक रेघ न वापरता जुनी रचना तिथे कामाला आली.

जुनं घर आजच्या राहण्याजोगं करण्याच्या कलेची खरी कसोटी लागते ती भाईंदर पश्चिमेच्या गावांत. राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन इथे आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची ओटा-पडवीची काही कौलारू घरं अजून नांदती आहेत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ही चपटी, खाचेची कौलं पुढे कोकणभर पसरली. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. नूतनीकरणात पहिला घाव तिथेच बसतो. वाशांखाली पीओपीचं सीलिंग येतं. कौल सरकलं तरी गळती दिसत नाही; दिसते तेव्हा वासा कुजलेला असतो, नाहीतर वाळवीने पोखरलेला.

भिंतींचीही तीच गत. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडते, खाऱ्या वाऱ्याचं मीठ भर घालतं आणि गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागतो. मग तो झाकायला टाइल्स. टाइलवर टिचकी मारून पाहावी, पोकळ वाजते.

घरच्यांच्या गरजा मात्र खऱ्या आहेत. आजीला रात्री अंगण ओलांडून संडासला जायला लावणारं जतन कुणीच मागू नये. अशा नूतनीकरणांतली मला सर्वांत आवडलेली कामं परसात झाली आहेत: मोरी, संडास, स्वयंपाकघर असं सगळं पाण्याचं काम मागच्या बाजूच्या नव्या पक्क्या बांधकामात, जुन्या भिंतीला न चिकटवता, मधल्या छोट्या छपराने जोडलेलं. माजघरात नवं वायरिंग उघड्या पाइपातून फिरवलेलं, भिंत न खोदता. ओट्यावर नुसती डागडुजी, तीही चुन्याची. असं काम करणारा गवंडी आता सहज मिळत नाही. मिळाला तर त्याच्या हाताखाली गावातला एखादा पोरगा आत्ताच लावायला हवा.