आधीच टिक केलेला चौकोन

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले तो दिवस होता १४ ऑक्टोबर २०२५. दिवाळी आठवड्यावर आली होती. चिंचपोकळीत आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे. एमपीएससी, बँक, पोलीस भरती असं काहीबाही करणारी मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात, कारण वर घरात टीव्ही आणि पाच माणसं असतात. अभ्यासिकेत सात कॉम्प्युटर आहेत, कुठल्याशा ऑफिसने नवे घेताना देऊन टाकलेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्या सातांपैकी एकही त्यात बसत नव्हता.

मंडळाच्या काकांनी मला गाठलं. "तू ते फुकटवालं टाकतोस ना? टाक. पण हे कुठंय नि ते कुठंय विचारायला पोरं माझ्याकडे यायला नकोत."

मी डेस्कटॉपांवर वर्षानुवर्षं मतं ठोकत आलो आहे. कुणाचे आयकॉन बटबटीत, कुणाच्या खिडक्यांच्या कडा सुबक, असलं सगळं. काकांच्या त्या वाक्यात जेवढी समीक्षा होती तेवढी माझ्या लिखाणात नव्हती, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

ज्यांचा सगळा संसार फोनवर आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडमध्ये लाँचर बदलला की घर तेच राहतं आणि दर्शनी भाग बदलतो. लिनक्समध्ये हा दर्शनी भाग फार मोठा असतो: खिडक्या, खालची पट्टी, सेटिंग्ज, फाइली उघडणारा प्रोग्राम, कीबोर्डची भाषा. त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि असे डझनभर तरी आहेत. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, पूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेली आवृत्ती. ती टाकताना एक यादी समोर येते: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे आणि आणखी काही. हवं त्यावर टिक करायची. पण एका चौकोनात टिक आधीच केलेली असते, आणि माझा विषय तेवढाच आहे.

"त्यात काय, बदलता येतं की!" हे उत्तर मीही अनेकदा दिलंय. बदलता येतं हे खरं, पण माणसं खरोखर बदलत असती तर सफारीमध्ये आपलंच सर्च इंजिन डिफॉल्ट राहावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले नसते. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. त्याच वर्षी आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या भांडणाच्या मुळाशीही फोनवर आधीपासून काय भरून येतं हाच प्रश्न होता.

डेबियनला कुणी पैसे देत नाही, म्हणून तिथला निर्णय बघण्यासारखा. ही टिक टास्कसेल नावाच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये असते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याची देखभाल करणाऱ्या जोई हेस यांनी ग्नोम काढून तिथे एक्सएफसीई लिहिलं. कारण ऐकून हसू येईल: ग्नोम पहिल्या सीडीत मावत नव्हता. तो बदल टिकला नाही आणि मे २०१३ ची आवृत्ती ग्नोमसकटच आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा एक्सएफसीई, सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा ग्नोम. तेव्हापासून टिक तिथेच आहे, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्येही. (हेस यांनी २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये डेबियनच सोडलं, ती वेगळी कहाणी.)

त्या काळातलं वातावरण सांगायला हवं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि लोक पेटले. खालची पट्टी गेली, मेनू गेला, खिडकीवरचं मिनिमाइझचं बटणसुद्धा गेलं. खुद्द लिनस टॉर्वाल्ड्स चिडून एक्सएफसीईवर गेले. जुना ग्नोम जपायला माटे निघाला, लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन काढला. उबुंटूने स्वतःचा युनिटी धरला आणि २०१७ मध्ये सोडला. मी एक्सएफसीईवाला. १९९६ पासूनचा साधा, हलका, न बदलणारा डेस्कटॉप. २०१४ चा निर्णय मला शरणागती वाटला होता. त्याची दोन मुख्य कारणं दिली गेली, ॲक्सेसिबिलिटी आणि सिस्टिमडीशी जुळणं. दुसरं मला राजकारण वाटलं. पहिलं मी वाचलंच नाही, म्हणजे डोळ्यांखालून गेलं. कारण चांगलं असावं म्हणून घालतात तसं ते घातलंय, असं मी धरून चाललो.

अभ्यासिकेत मात्र मी जरा शहाणपणा केला. थेट आवडीचं टाकलं नाही. तीन कॉम्प्युटरवर तीन डेस्कटॉप टाकले, एक्सएफसीई, प्लाझ्मा आणि ग्नोम, आणि दोन आठवडे नुसता बसून राहिलो.

प्लाझ्माबद्दल आधी, कारण तो तिघांत सर्वांत कर्तबगार आहे. केडीईची सुरुवात १४ ऑक्टोबर १९९६ ची, म्हणजे विंडोज १० गेलं ती नेमकी केडीईची एकोणतिसावी वर्षगाठ. त्याच्या पायाशी असलेल्या क्यूटी लायब्ररीचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, त्या नाराजीतून १९९७ मध्ये ग्नोम सुरू झाला. आज ते भांडण उरलेलं नाही. स्टीम डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये प्लाझ्मा आहे, फेडोराने २०२५ मध्ये त्याला ग्नोमच्या बरोबरीचा दर्जा दिला. दिसायला विंडोजच्या जवळचा आणि बदलायला वाटेल तेवढा. अडचण तीच. सामायिक कॉम्प्युटरवर आठ जणांनी आठ दिवसांत तो आठ वेळा बदलला. एकाने खालची पट्टीच उडवली आणि मग सगळे मला शोधत वर आले. घरच्या माळ्यासारखं आहे ते. सगळं सापडतं, पण ज्याने ठेवलं त्यालाच.

ग्नोम म्हणजे लालबाग-चिंचपोकळीत नव्या टॉवरच्या खाली उभारतात तो सॅम्पल फ्लॅट. सुंदर, उजेडाचा, आणि छत्री कुठे ठेवायची हे ठरवणारा माणूस पावसाळ्यात मुंबईत राहिलेला नाही. मिनिमाइझचं बटण काढणं हा उद्दामपणाच होता आणि आहे. मूळ ग्नोममध्ये डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत, डॉक कायम दिसत नाही. उबुंटू ग्नोम देतं तेव्हा दोन्ही परत आणून देतं, यातच काय ते आलं. आमच्याकडे एका मुलाने ब्राउझरच्या चौदा खिडक्या उघडल्या होत्या. आधीची मागे जिवंत आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

पण मी न धरलेली गोष्टही घडली. या मुलांना कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असं वाटतं ते एमएस-सीआयटीच्या पुस्तकामुळे. हातांना मात्र फोनची सवय. ग्नोममध्ये सुपर बटण दाबलं की खिडक्या मागे सरतात, दोनच अक्षरं टाइप केली की ॲप समोर येतं, सगळी ॲप्स फोनसारखी जाळीत मांडलेली. एकोणीस वर्षांची मुलगी ते तीन मिनिटांत शिकली. काकांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' नावाची उबुंटूवर बेतलेली प्रणाली आणली तेव्हा बातम्यांमध्ये तिची एक तारीफ अशी होती, की ती दिसते-वागते विंडोजसारखी. सरकारी कचेरीत पन्नाशीच्या माणसांसाठी ते ठीकच आहे. अभ्यासिकेत तो निकष लावला असता तर मी दुसऱ्याच कुणाची सोय केली असती.

मराठीचंही बघितलं. अक्षरजुळणीत आता तिघांत फरक नाही. जोडाक्षरं जुळवण्याचं काम सगळीकडे हार्फबझ नावाची एकच लायब्ररी करते. हा लेख तुम्ही अँड्रॉइडवर वाचत असाल तर इथले र्‍ह आणि क्ष तिनेच बसवलेत. फरक पडतो टाइप करताना. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हींत चालतो, शिफ्ट-जे ने ऱ येतो, 'दऱ्या' नीट लिहिता येतात. पण आमच्या मुलांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक किंवा गमभनसारखा आराखडा हवा असतो, आणि त्यासाठी आयबस नावाची यंत्रणा लागते. ग्नोमने ती २०१२ पासून पोटातच घेतली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायचं, सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलायची, झालं. बाकी दोघांत ती वेगळी जोडून द्यावी लागते. मला जोडता येते. काकांना येत नाही.

तरीसुद्धा मी एक्सएफसीईच टाकणार होतो. कॉम्प्युटर जुने, रॅम कमी. आमच्याकडे नुसता चालू होऊन बसलेला ग्नोम एक जीबीच्या पुढे खायचा, एक्सएफसीई त्याच्या निम्म्यात भागवायचं. माझं मत पक्कं होतं आणि त्याला आकड्यांचा आधार होता.

नोव्हेंबरात एक मुलगी भावाबरोबर आली. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी, दृष्टी जवळजवळ नसलेली. तिने खुर्चीवर बसून कीबोर्ड चाचपला आणि विचारलं, "दादा, यात बोलतं का काही?"

ती योगायोगाने ग्नोमच्या कॉम्प्युटरवर बसली होती. मी सुपर, ऑल्ट आणि एस दाबलं. ओर्का बोलायला लागला. तिने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "हा ईस्पीकचा आवाज. एनव्हीडीएमध्ये मी हाच लावते." मग तिने वेग इतका वाढवला की मला एक शब्द कळेना, आणि ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटर कुणीतरी आधीच धरला होता, म्हणून ती एक्सएफसीईवर बसली. ओर्का तिथेही चालतो, पण तो घालावा लागतो, सहायक सोयींचा पर्याय शोधून चालू करावा लागतो, पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि आमच्याकडे लॉगिनचा पडदाच मुका होता. मला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. एकदाही घाई केली नाही. "मला सवय आहे," म्हणाली.

घरी जाऊन मी २०१४ ची ती कारणं अकरा वर्षांनी नीट वाचली. ॲक्सेसिबिलिटी तोंडदेखली नव्हती. ज्याला पडदा दिसतो तो टिक काढून दुसरी करू शकतो. डेबियनचा इन्स्टॉलर सुरुवातीलाच एस दाबल्यावर बोलायला लागतो, म्हणजे न दिसणारा माणूस कुणाच्याही मदतीशिवाय प्रणाली टाकू शकतो. त्या वाटेच्या शेवटी मुका डेस्कटॉप आला तर आधीचं सगळं वाया. ओर्काची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मार्क मलकाही या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरने केली. विंडोजवरच्या महागड्या जॉजला, म्हणजे शार्कला, उत्तर म्हणून नाव ओर्का. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि या कामाचा मोठा आधार गेला. तरी मोजक्या माणसांनी ते चालू ठेवलं. २०२३ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला दहा लाख युरो दिले, त्यातला काही भाग याच कामासाठी होता. हे सगळं घडत असताना मी मिनिमाइझच्या बटणावर लिहीत होतो.

ते बटण काढणं चूकच होतं, हे मत मी मागे घेत नाही. पण ते ट्वीक्समध्ये जाऊन एका टिचकीत परत आणता येतं, आणि ते काम मी एकदाच सगळ्यांसाठी करू शकतो. मुक्या लॉगिनवर बसलेल्या माणसाला तसं काही करता येत नाही. आवडीच्या जोरावर डिफॉल्ट ठरवताना मी माझ्यासारख्याच माणसाची बाजू घेत होतो, ज्याला डिफॉल्टची गरजच नाही अशा माणसाची.

शेवटी पाच कॉम्प्युटरवर ग्नोम टाकला, बटणं परत आणून, मराठी फोनेटिक आधीच जोडून, सहायक सोयींचा मेनू वर कायम दिसेल असा ठेवून. दोन कॉम्प्युटरमध्ये दोनच जीबी रॅम आहे, त्यांच्यावर ग्नोम रांगत होता. तिथे एक्सएफसीई राहिलं. त्या दोनांवर ती बसू शकत नाही, आणि रॅमच्या पट्ट्यांसाठी मंडळाकडे पैसे मागितलेत. काका म्हणाले, माघी गणपती होऊ दे. ओर्काचा मराठी उच्चार अजून दगडासारखा आहे, इंग्रजी पानात मराठी नाव आलं की तो अडखळतो. तिची तक्रार त्याबद्दल आहे, डेस्कटॉपच्या दिसण्याबद्दल तिला काही म्हणायचं नाही.

काकांना आता कुणी काही विचारत नाही. त्यांनी कागदावर मार्करने लिहून भिंतीला चिकटवलंय: "विंडोजचं बटण दाबा. हवं त्याचं नाव टाइप करा. मराठीसाठी तेच बटण आणि स्पेस." विंडोज काढून टाकलंय, मग विंडोजचं बटण कसं लिहिता, असं मी म्हणालो. त्यांनी कीबोर्ड उचलून चार चौकोनांचं चित्र असलेली ती की माझ्यासमोर धरली.