टाके निघाल्यानंतर

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आणि नियतकालिकांतून आजारपणावरील लेखन विपुल येते. त्याचा साचाही आता ठरून गेला आहे. दुखणे उद्भवते, कुटुंब रोझरीला बसते, शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि लेखक प्रभूचे आभार मानून लेखणी खाली ठेवतो. त्या कृतज्ञतेविषयी माझी तक्रार नाही; तक्रार आहे ती लेखणी खाली ठेवण्याच्या क्षणाविषयी. काही आजारांची खरी कथा नेमकी तेथून सुरू होते. थायरॉईड ग्रंथी काढून टाकलेल्या व्यक्तीची कथा अशांपैकी एक. ती कशी लिहावी याचा विचार करताना दोन जुने वैद्यकीय निबंध वाङ्मय म्हणून वाचण्याजोगे आहेत.

पहिला निबंध स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांचा. गलगंड काढून टाकणे आणि त्याचे परिणाम, अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा जर्मन निबंध १८८३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकाच्या उत्तरार्धातच त्याचे मोल आहे. गलगंड कापून काढण्यात कोखर यांचा हात विलक्षण सफाईदार होता. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे मंदावत जातात, हे जिनिव्हाचे रेव्हेर्दं यांनी १८८२ मध्ये त्यांच्या कानी घातले. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी गमावलेल्या अठरा जणांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी सोळा जणांत ऱ्हासाची चिन्हे दिसली. चेहरे सुजलेले, त्वचा कोरडी, हालचाली जड, बोलणे संथ, बुद्धी झाकोळलेली. १८७४ मध्ये ज्या अकरा वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली होती, तिचे आणि तिच्या धाकट्या बहिणीचे चित्र निबंधात आहे. नऊ वर्षांनंतर धाकटी तरुण स्त्री झाली आहे. थोरली मात्र खुरटलेल्या बालदेहातच अडकून राहिली आहे.

या निबंधाचे सामर्थ्य त्याच्या सारवासारव नसलेल्या कथनात आहे. ‘यशस्वी’ हा शब्द लेखक स्वतःच्याच कामाविरुद्ध तपासून पाहतो आणि तो टिकत नाही असे दिसताच खोडून टाकतो. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी यानंतर सोडून दिले. ऱ्हासाचे जे कारण त्यांनी सुचवले, म्हणजे श्वासनलिकेला पोहोचलेली इजा, ते पुढे चुकीचे ठरले. तरीही निबंध जिवंत राहिला, कारण त्यातील निरीक्षण प्रामाणिक होते. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उणीव एकच, पण मोठी: परत आलेल्यांपैकी कोणी बोलत नाही. बहिणीशेजारी उभे राहताना त्या मुलीच्या मनात काय होते, हे आपल्याला कधीच कळत नाही.

दुसरा लेखक इंग्लंडमधील न्यूकॅसलचा तरुण डॉक्टर जॉर्ज मरे. त्याने १८९१ मध्ये एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. या स्त्रीची ग्रंथी कापलेली नव्हती, आपोआप निकामी झाली होती. परंतु अभाव तोच होता. मरे यांच्या टिपणातील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे त्यांनी वापरलेले माप. ही बाई बोलण्यात व वागण्यात संथ झाली, परक्यांना भेटणे टाळू लागली, नेहमीच्या घरकामाला तिला फार वेळ लागू लागला, अशी तिच्या आजाराची नोंद आहे. आणि सुधारणाही घरकामाच्याच मापाने मोजलेली आहे. येथे रुग्ण निदान आपल्या स्वयंपाकघरात तरी उभी दिसते. १९२० मध्ये मरे यांनी तिचा समग्र वृत्तांत लिहिला. ती आणखी सुमारे अठ्ठावीस वर्षे जगली व १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिला ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला. एखाद्या चरित्राचा असा हिशेब मी अन्यत्र वाचलेला नाही. औषधाने ती ‘बरी’ झाली नाही. औषधासह ती जगली. या दोहोंतील फरक आपल्या साक्ष-लेखनाला अद्याप सापडलेला नाही.

आज मेंढ्यांची गरज उरलेली नाही. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले. आता एक इवलीशी गोळी पुरते. ती पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर. (कम्युनियनपूर्वीचा उपवास यामुळे मोडत नाही, पाणी व औषध यांना धर्मनियम ९१९ नुसार मुभा आहे.) मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे, पुन्हा थोडी बदलायची. कमी पडली तर थंडी, थकवा, विसर, वाढते वजन. जास्त झाली तर छातीत धडधड, झोप नाही. निरोगी माणसाचे शरीर जे नकळत करते, ते आता दररोज जाणीवपूर्वक करायचे.

आणि याच काळात घरातून वाक्य येते: ‘गाठ तर गेली ना, मग आता काय?’ सून उशिरा उठते, आई मिस्सेला यायची टाळते, हसरा माणूस घुमा होतो. आणि आपण त्यावर आळसाचा शिक्का मारून मोकळे होतो. सात प्रमुख पापांच्या यादीत आळस आहे हे आपल्याला पाठ असते. परंतु संत थॉमस अक्विनास ज्याला पाप म्हणतात, तो देवाच्या दानाविषयीचा विषाद आहे. देहाचे जडपण नव्हे. कोखर यांच्या सोळा रुग्णांना कोणी पापनिवेदनास धाडले असते, तर तो अन्यायच ठरला असता. रक्ताच्या एका चाचणीने जे कळू शकते, त्याचा निवाडा स्वभावावरून करू नये.

म्हणून आपल्या लेखकांकडे, विशेषतः ज्या भगिनींच्या गळ्यावर ती आडवी रेघ आहे त्यांच्याकडे, माझी मागणी आहे: टाके निघाल्यानंतरचे लिहा. मात्रा जुळेपर्यंतचे महिने लिहा, घरच्यांशी झालेले खटके लिहा, रोजच्या गोळीचा कंटाळाही लिहा. त्याने श्रद्धेला उणेपणा येणार नाही. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवले, तेव्हा लोक थक्क होऊन उभे होते. तिला खायला द्या, असे मात्र त्यालाच सांगावे लागले. मार्क आणि लूक यांनी ते साधे वाक्य गाळले नाही. आपणही गाळू नये.