मृत्यूविषयी बोलणे आणि मृताशी बोलणे : शहापूर-मुरबाड परिसरातील शोकप्रथांच्या संदर्भात ‘महानिर्वाण’चे वाचन

प्रस्तावना

मराठी समाज मृत्यूविषयी बोलत नाही, असे विधान गेल्या काही वर्षांत वारंवार केले जाते. चर्चासत्रांतून आणि वृत्तपत्रीय स्तंभांतून ते जवळजवळ गृहीतकासारखे वापरले जाते. मराठी वाङ्मय आणि लोकजीवन यांचा विचार केल्यास मात्र हे विधान तपासून घ्यावे लागते. संतवाङ्मयात देहाच्या नश्वरतेचा विचार पदोपदी येतो. आधुनिक कवितेत विलापिकेची परंपरा आहे. कीर्तन-प्रवचनाला तर मरणाचा विषय कधीच वर्ज्य नव्हता. मृत्यूविषयी बोलण्याची मराठीत वाण नाही. वाण आहे ती एका विशिष्ट मृत्यूविषयी, त्या मृत्यूने एकत्र आणलेल्या माणसांनी परस्परांशी मोकळेपणाने बोलण्याची.

प्रस्तुत लेखात हा भेद लक्षात घेऊन सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ या नाटकाचे वाचन केले आहे. या वाचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील शोकप्रथांचा संदर्भ घेतला आहे. थिएटर अकादमी, पुणे या संस्थेने १९७४ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाची चर्चा प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाच्या कर्मकांडाचे विडंबन, ब्लॅक कॉमेडी आणि असंगत नाट्य या अंगांनी झाली. कीर्तनाचा वापर ही त्यातील एक प्रयोगशील युक्ती मानली गेली. मृत्यूनंतर प्रवचन-कीर्तन होणे हा ज्या समाजाचा नित्याचा व्यवहार आहे, तेथील वाचकाला हे नाटक निराळे दिसते.

दशक्रियेचे प्रवचन

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांवर वारकरी संप्रदायाचा प्रभाव मोठा आहे. माळशेज घाटाने जोडलेल्या जुन्नरच्या बाजूशी असलेल्या सोयरिकी, गावोगावचे हरिनाम सप्ताह आणि पंढरीच्या वाटेवर निघणाऱ्या दिंड्या यांतून तो टिकून आहे. घरातील व्यक्ती गेली की दशक्रिया विधीच्या निमंत्रणात विधीचे ठिकाण व वेळ यांच्या जोडीने प्रवचनकार महाराजांचे नाव छापले जाते. नदीकाठी पिंडदान, मुंडन इत्यादी विधी चालू असतात आणि जमलेले आप्त-ग्रामस्थ प्रवचन ऐकत बसलेले असतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांतील मृत्युविधींचे स्वरूप वेगळे असून तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या प्रवचनाची रचना जवळपास ठरलेली असते. एखादा अभंग निरूपणासाठी घेतला जातो. देह नाशवंत आहे, आत्मा अविनाशी आहे, नामस्मरण हाच तरणोपाय आहे, हा विचार मांडला जातो. शेवटी मृत व्यक्तीच्या कष्टाळू, प्रेमळ, परोपकारी स्वभावाचा गौरव होतो. या रचनेचे सामर्थ्य नाकारता येत नाही. दहा दिवस घरात कोंडलेल्या दुःखाला ती चारचौघांत आणते आणि त्या दुःखाला परंपरेतील शब्द देते. तिची मर्यादाही याच ठिकाणी आहे. येथे मृत्यू सर्वांचा असतो, त्यामुळे तो या माणसाचा राहत नाही. बोलणारा एकच असतो आणि तो बहुधा घराबाहेरचा असतो. मृताची अपुरी राहिलेली इच्छा, भावांमधील जमिनीचा वाद, अखेरच्या आजारात झालेली हेळसांड किंवा मनापासून केलेली सेवा, विधवेच्या पुढील आयुष्याचा प्रश्न, यांपैकी काहीही या बोलण्यात येऊ शकत नाही.

या विधीत एक क्षण मात्र वेगळा असतो. पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा जमलेल्यांची चलबिचल सुरू होते. मृताचा जीव कशात अडकला असावा याचा शोध घेतला जातो. मग कोणी पुढे होऊन हात जोडून मोठ्याने सांगते, की धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, म्हातारीला अंतर देणार नाही. कावळ्याविषयीची श्रद्धा बाजूला ठेवली तरी या क्षणाचे महत्त्व उरते. घरात कधी न उच्चारलेली गोष्ट येथे सर्वांसमक्ष उच्चारली जाते आणि तिला गाव साक्षी राहतो. प्रवचन मृत्यूविषयी बोलते. कावळ्याची वाट पाहणारा माणूस मृताशी बोलतो.

हेल काढून रडणे

मृताशी बोलण्याचा याहून जुना आणि विस्तृत प्रकार स्त्रियांच्या रडण्यात आढळतो. मयताच्या घरी येणारी बाई उंबऱ्यातच हेल काढते. त्या रडण्यात शब्द असतात. मृताला नात्याने हाक मारली जाते, त्याच्या खाण्यापिण्याच्या आवडी सांगितल्या जातात, त्याने केलेले उपकार आणि दिलेले दुःख या दोहोंचा उच्चार होतो. मधेच मला कोणाच्या भरवशावर टाकून गेलास असा जाब विचारला जातो. दिराला, जावेला, माहेरच्यांना ऐकू जावे असेही बरेच काही त्यात असते. एरवी ज्या सुनेला वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडता येत नाही, तिला या प्रसंगी बोलण्याची मुभा असते. कारण ती ‘बोलत’ नसून ‘रडत’ आहे असे सर्वांनी मानलेले असते.

सह्याद्रीच्या पलीकडील मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आईचे मरण, भावाचे अंतर, वैधव्याची भीती असे विषय त्या परंपरेत मोकळेपणाने येतात. स्त्रियांच्या मौखिक परंपरेत दुःख संबोधनाच्या रूपात, म्हणजे कोणाला तरी उद्देशून, व्यक्त होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. पुरुषांच्या वाट्याला आलेला मृत्यूचा वाक्प्रकार निरूपणाचा आहे, तर स्त्रियांच्या वाट्याचा संवादाचा आहे. पहिल्याला ज्ञानाची प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्याची बोळवण ‘बायकांचे रडणे’ म्हणून झाली.

‘महानिर्वाण’ : कीर्तनाची उलटापालट

या पार्श्वभूमीवर ‘महानिर्वाण’ची रचना पाहता येते. चाळीत राहणारा भाऊराव मरण पावला आहे आणि आपल्या मृत्यूचे वृत्त तो स्वतःच कीर्तनाच्या ढंगात प्रेक्षकांना सांगतो. पत्नी रमाबाई आक्रोश करते, चाळकरी जमतात, मुलगा नाना येतो. आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे असा भाऊरावाचा हट्ट आहे. पण ते स्मशान बंद झाले आहे. अंत्यसंस्कार रखडतात, प्रेत घरातच राहते आणि पित्याची इच्छा पुरी करता करता नाना मेटाकुटीला येतो. दरम्यान, खांदा देणाऱ्यांपैकी एका पुरुषाने रमाबाईचे लक्ष वेधून घेतलेले असते.

पुण्याच्या प्रेक्षकाला नारदीय कीर्तन परिचित होते. मुरबाड-शहापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर वारकरी पद्धतीचे निरूपण येते. परंतु दोन्ही पद्धतींत कीर्तनकार जिवंत असतो आणि तो मृताच्या वतीने अथवा मृताला निमित्त करून बोलतो, हे गृहीत आहे. आळेकरांनी हे गृहीतच उलटे केले आहे. येथे कीर्तनकाराच्या जागी खुद्द मृत उभा आहे. नदीकाठी कावळ्याच्या मौनावरून जी इच्छा ताडावी लागते, ती येथे मृत व्यक्ती स्वतःच्या तोंडाने सांगते. परिणामी निरूपणाचा विषय देहाची नश्वरता हा राहत नाही. एका विशिष्ट देहाचे काय करायचे, हा प्रश्न पुढे येतो. हे प्रेत कुजणार आहे, त्याला कोठे न्यायचे, खर्च कोणी करायचा, मुलाने किती धावपळ करायची, बायकोच्या शरीराचे आणि मनाचे पुढे काय होणार, या साऱ्या गोष्टी टाळ-मृदंगाच्या लयीत उघड्यावर येतात.

येथे एक निरीक्षण नोंदविता येते. ‘महानिर्वाण’चा साचा कीर्तनाचा असला तरी त्यातील आशय हेल काढून रडण्याचा आहे. गाऱ्हाणे, जाब विचारणे, हट्ट, शरीराची आठवण, राहून गेलेल्या गोष्टी हा सारा ऐवज स्त्रियांच्या शोकातला आहे. आळेकरांनी तो पुरुषांच्या प्रतिष्ठित वाक्प्रकारात ओतला. नाटकातील हास्याचे मूळ केवळ कर्मकांडाच्या विडंबनात शोधले तर ते अपुरे ठरेल. ज्या आसनावरून सामान्य सिद्धान्त ऐकण्याची सवय आहे, तेथून घरगुती तपशील ऐकू येऊ लागतो, या विसंगतीतूनही ते हास्य निर्माण होते. नदीकाठी प्रवचन ऐकलेल्या वाचकाला या हास्यामागची अस्वस्थता अधिक तीव्रतेने जाणवावी, असे म्हणण्यास जागा आहे.

रमाबाईचे रडणे

नाटकाची मर्यादाही याच निरीक्षणातून स्पष्ट होते. शोकाचा आशय भाऊरावाच्या तोंडी गेल्यामुळे रमाबाईच्या वाट्याला शोकाचा केवळ आवाज उरतो. तिचा आक्रोश ठरावीक आणि हास्यजनक होतो. तिच्या मनातील खरी गोष्ट प्रकट होते ती दुःखातून नव्हे, तर परपुरुषाच्या ओढीतून. विधवेच्या इच्छेला रंगमंचावर आणण्याचे धाडस आळेकरांनी दाखविले, याचे मोल मोठे आहे. तथापि विधवा इच्छा बाळगू शकते आणि त्याच वेळी मृताशी भांडूही शकते, त्याच्याकडे हिशेब मागू शकते, ही शक्यता नाटकात फुलत नाही. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या घरातील रडणाऱ्या बाईला जी मुभा परंपरेने दिली आहे, ती रमाबाईला मिळत नाही. मृत पुरुष बोलका झाला, परंतु जिवंत स्त्रीचे बोलणे मात्र गोंगाटात जमा झाले.

जमाव नसताना

प्रवचन, रडणे आणि ‘महानिर्वाण’ या तिन्ही रचनांना भोवती माणसे लागतात. भाऊरावाला चाळ आहे, म्हणून त्याचे कीर्तन उभे राहते. २०२०-२१ च्या कोविड काळात अंत्यसंस्काराला वीसच माणसांची मर्यादा होती. अनेकांना अखेरचे दर्शनही झाले नाही आणि दशक्रियेचे प्रवचन झाले नाही. त्या काळातील शोक कित्येक घरांत अजूनही अबोल आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या बांधकामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. पोटासाठी दूरदेशाहून आलेल्या कामगारांचे मरण या भूमीवर घडते, पण त्यांच्यासाठी हेल काढणारी बाई येथे नसते. गाव आणि गोतावळा यांवर उभ्या असलेल्या शोकरूपांची ही सीमा होय.

सीमेचे आणखी एक उदाहरण भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीत मिळते. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचे दुःख कोणत्याच तयार रूपात बसत नाही. निरूपणावर त्याचा विश्वास नाही आणि हेल काढून रडण्याची मुभा पुरुषाला नाही. उरतो तो स्वतःशीच चाललेला तुटक, संतप्त संवाद. ग्रामीण महाविद्यालयांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अवस्था पांडुरंगहून फारशी भिन्न नसते. वडिलांच्या दशक्रियेत मुंडन करून वर्गात परतलेल्या मुलाजवळ दुःख असते. ते सांगण्याची भाषा नसते.

मरणापूर्वीचा संवाद

भाऊराव मोकळा बोलतो, पण मेल्यानंतर. जिवंतपणी त्याने रमाबाईशी किंवा नानाशी असे काही बोलल्याच्या खुणा नाटकात दिसत नाहीत. नाटकातील सारा घोळ या उशिरातून उद्भवतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे ‘ऑन डेथ अँड डाइंग’ (१९६९) हे पुस्तक मरणासन्न रुग्णांशी केलेल्या संभाषणांवर आधारलेले आहे. मरणाऱ्याला बोलायचे असते, ऐकणारे टाळतात, हा त्यातून मिळणारा बोध येथेही लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याच्या अधिकाराला आणि अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सोपी केली. मात्र असा कागद करण्याआधी घरात बोलणे व्हावे लागते. आता घरी घेऊन जा, हे डॉक्टरांचे वाक्य आजही बहुधा वॉर्डबाहेर थोरल्या मुलाला सांगितले जाते. रुग्णाला ते कळलेले असते. त्याला कळले आहे हे घरच्यांनाही कळलेले असते आणि तरीही दोन्ही बाजू पाऊसपाण्यावर बोलत राहतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, मोकळ्या संवादाचे बीज मराठी शोकपरंपरेत बाहेरून आणावे लागत नाही. ते कावळ्यापुढे दिलेल्या वचनात आणि बाईच्या हेलात आहे. ‘महानिर्वाण’ने त्या आशयाला सार्वजनिक आसन मिळवून दिले, हे त्या नाटकाचे श्रेय, मात्र ज्यांच्याकडून तो आशय आला त्या स्त्रियांना त्या आसनावर जागा दिली नाही, ही त्याची उणीव. महाविद्यालयीन वर्गात हे नाटक शिकविताना प्रयोगशीलतेच्या परिभाषेबरोबरच दशक्रियेच्या नदीकाठाचाही संदर्भ द्यावयास हवा. आपल्या घरातील मृत्यूविषयी बोलण्यास तो विद्यार्थ्याला कदाचित पहिल्यांदाच शब्द देईल. वचन कावळ्यापुढे देण्याऐवजी माणूस ऐकू शकतो तोवर त्यालाच द्यावे, एवढी साधी गोष्ट त्या शब्दांतून साधली तरी या वाचनाचे प्रयोजन सिद्ध होईल.