लाल राकू चहापात्र : साधेपणाचे सौंदर्य आणि हेतुपूर्वकतेचा प्रश्न

प्रस्तावना

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतो येथे उदयास आलेली राकू मृत्पात्रांची परंपरा जपानी कलाविचारात आदराचा आणि वादाचाही विषय ठरली आहे. दोन्ही तळहातांत मावणारा, किंचित वाकडा, मातकट लाल रंगाचा वाडगा चहाविधीच्या रसिकांना आदर्श वाटतो. त्याच वाडग्यावर कृत्रिमतेचा आरोपही झाला आहे. साधेपणा जाणीवपूर्वक घडविला तर तो साधेपणा उरतो काय, हा या वादाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात लाल राकू पात्राची घडण आणि इतिहास यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उगम : कौशल्याचा त्याग

राकू परंपरेचे आद्य कुंभार म्हणून चोजिरो (मृत्यू १५८९) यांचे नाव घेतले जाते. चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्या सौंदर्यदृष्टीला त्यांनी मातीत आकार दिला. १५८६ च्या एका चहानोंदीत 'सोएकीच्या घडणीचे पात्र' असा उल्लेख आढळतो. सोएकी हे रिक्यू यांचेच दुसरे नाव. म्हणजे या पात्राचा जन्म कुंभार आणि रसिक यांच्या सहविचारातून झाला. समकालीनांनी या पात्रांना 'इमायाकी', अर्थात 'आताची भाजणी', असे म्हटले. आज प्राचीनतेचे प्रतीक मानली जाणारी ही वस्तू तिच्या काळात नवी, किंबहुना धाडसी होती.

चोजिरो यांचे वडील आमेया चीनमधून आले असे परंपरा सांगते. चिनी तिरंगी झिलईच्या भांड्यांशी या घराण्याचे नाते होते. चोजिरो यांनी १५७४ मध्ये घडविलेली सिंहाची मूर्ती उपलब्ध आहे. तिच्यातील आवेश पाहता, त्यांच्या चहापात्रांतील अबोलपणा हा असमर्थतेचा परिणाम नव्हे, हे स्पष्ट होते. ज्याला अलंकरण साधते त्याने ते बाजूला ठेवले आहे. त्यामुळे हेतुपूर्वकता ही राकू परंपरेत नंतर शिरलेली विकृती नसून तिच्या उगमातच आहे.

माती, झिलई आणि रंग

लाल राकू पात्राला अनेकदा 'लाल झिलईचे पात्र' म्हटले जाते. हे वर्णन सोयीचे असले तरी नेमके नाही. यातील लाली झिलईची नसून मातीची आहे. लोहयुक्त माती, किंवा नंतरच्या पिढ्यांत पात्रावर दिलेला गेरूसारख्या मातीचा लेप, यांवर पारदर्शक झिलई चढवून पात्र सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या, तुलनेने मंद तापमानात भाजले जाते. झिलई मातीला झाकत नाही, ती मातीचे दर्शन घडविते. काळ्या राकूची रीत वेगळी आहे. तेथे कामो नदीच्या दगडापासून केलेली गडद झिलई अधिक उष्णतेवर वितळते आणि तप्त पात्र चिमट्याने भट्टीबाहेर काढून झपाट्याने थंड केले जाते.

ही पात्रे चाकावर घडविली जात नाहीत. मातीची चपटी थाळी हातांनी कडेने उचलत वाडग्याचा आकार साधला जातो. माती अर्धवट सुकल्यावर लोखंडी पात्याने ती आतून-बाहेरून कोरली जाते. कडेचा चढउतार आणि बुडाची बैठक यांत हाताचा दाब व पात्याचा निर्णय टिकून राहतो. भाजलेली माती सच्छिद्र राहत असल्याने उष्णता बाहेर हळूहळू येते, गरम पात्र हातात धरता येते आणि दाट चहा ऊब राखून राहतो. येथे रूप आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत.

व्यापारी कामिया सोतान यांच्या चहानोंदींनुसार रिक्यू काळ्या रंगाला पुरातन आणि लाल रंगाला संमिश्र मनाचा रंग मानत, तर सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांना काळी पात्रे आवडत नसत. लाल पात्राचे महत्त्व याच संमिश्रतेत शोधता येते. काळे पात्र दृष्टीला अंतर्मुख करते. लाल पात्रात हिरव्या चहाचा रंग उठून दिसतो आणि माती, अग्नी व हात या तिन्हींच्या खुणा उघड्या राहतात.

यानागी यांचा आक्षेप

जपानी लोककला चळवळीचे प्रवर्तक यानागी सोएत्सु (१८८९-१९६१) यांना राकूचे हे माहात्म्य मान्य नव्हते. त्यांनी १९३१ मध्ये क्योतोच्या दाइतोकु-जी मठातील कोहो-आन येथे 'किझाएमोन' हे कोरियन पात्र पाहिले आणि त्यास सौंदर्याचा मानदंड मानले. अनाम कुंभाराने नित्य वापरासाठी सहजपणे केलेले ते पात्र. त्याच्या तुलनेत राकूतील वाकडेपणा मुद्दाम आणलेला, म्हणून सदोष, असे यानागी यांचे प्रतिपादन होते.

हा आक्षेप सहज टाळता येण्याजोगा नाही. वाकडेपणा ही केवळ लकब झाली की पात्र निर्जीव होते. तथापि यानागी यांच्या भूमिकेतही एक अडचण आहे. कोरियन वाडग्यात सौंदर्य पाहणारी दृष्टी चहाविधीनेच घडविली होती. अनाम कुंभाराला जे अभिप्रेत नव्हते ते रसिकाच्या जाणिवेने निवडले. ग्रहणातील हेतू निर्दोष आणि निर्मितीतील हेतू मात्र दोषास्पद, हा भेद टिकविणे कठीण आहे.

'किमामोरी' : अस्सलतेची कसोटी

चोजिरो यांचे 'किमामोरी' हे लाल पात्र या संदर्भात विशेष उद्बोधक ठरते. पुढील वर्षीही फळे यावीत या भावनेने झाडावर राखलेल्या शेवटच्या फळाला जपानीत हे नाव आहे. शिष्यांनी निवड केल्यानंतर उरलेल्या पात्राला रिक्यू यांनी ते दिले, अशी आख्यायिका आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात हे पात्र उद्ध्वस्त झाले. पुढे राकू घराण्यातच, वाचलेले खापर सामावून घेऊन ते पुन्हा घडविण्यात आले.

केवळ सहजता हा निकष लावला तर या पुनर्घटित पात्राला मोल राहत नाही, कारण ते पूर्णतः हेतुपूर्वक आहे. केवळ चोजिरो यांचा हात हा निकष लावला तरी फारसे काही उरत नाही. तरीही ते 'किमामोरी' म्हणूनच जपले जाते. याचा अर्थ, राकू पात्राचे मूल्य कुंभाराच्या निरागसतेत नसून माती, नाव, वापर आणि उत्तरदायित्व यांच्या साखळीत आहे.

राकू घराण्याची वाटचाल हेच दर्शविते. प्रमुख कुंभार 'किचिझाएमोन' हे नाव धारण करतो आणि निवृत्तीनंतर ते पुढील पिढीकडे सोपवितो. पंधरावे किचिझाएमोन (जन्म १९४९) यांनी १९८१ पासून २०१९ पर्यंत ही धुरा वाहिली. त्यांची धारदार, जवळजवळ शिल्पसदृश पात्रे चोजिरो यांच्याहून दृश्यतः दूर आहेत. येथे नाव वारशाने मिळते, पण रूप प्रत्येकाला नव्याने शोधावे लागते.

निष्कर्ष

लाल राकू पात्रातील साधेपणा निसर्गदत्त नाही, तो निवडलेला आहे. हे मान्य केल्याने त्याचे मोल घटत नाही, फक्त परीक्षणाचा निकष बदलतो. पात्र हेतुपूर्वक घडले आहे काय, या प्रश्नाऐवजी तो हेतू मातीला झाकतो की प्रकट करतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. पारदर्शक झिलईखालून दिसणारी लाल माती या निकषावर उतरते. मात्र हा निर्णय केवळ डोळ्यांनी देता येत नाही. संग्रहालयातील काचेआड या पात्राचे वजन, ऊब आणि ओठांना जाणवणारी कड हरवते. म्हणून राकू पात्राच्या समीक्षेत स्पर्शाला दृष्टीइतकेच स्थान देणे आवश्यक आहे.