भूक शिल्लक असताना

आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एकीनं आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी जॅनेट बेकर या इंग्रज गायिकेवर बोलले. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून दोन गाणीही ऐकवली. बोलून संपले, पाणी प्यायले, आणि पहिला प्रश्न आला, "मुलं किती हो त्यांना?"

नाहीत, म्हणून सांगितलं. १९५७ साली कीथ शेली यांच्याशी लग्न झालं, आणि गाण्यात दोन्हीकडं ओढाताण नको म्हणून दोघांनी ठरवूनच मूल होऊ दिलं नाही. नवऱ्यानंच त्यांच्या कामाची सगळी व्यवस्था बघितली. थोडी चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "मग म्हातारपणी?" म्हातारपणी नवऱ्यालाच झटका आला आणि बाईंनीच त्यांचं सगळं केलं, असं मी सांगितल्यावर मात्र सगळ्यांच्या माना समाधानानं हलल्या. आयुष्यभर काय गायल्या ते एकीकडं राहिलं, नवऱ्याचं केलं एवढ्यावर बाई पास झाल्या!

मागच्या रांगेत आक्का बसली होती. ती काही बोलली नाही. माझ्या या थोरल्या चुलत बहिणीनं लग्नाआधी दहा वर्षं रीतसर तालीम घेतली होती. सासरी पहिल्या चातुर्मासात दोन भजनं म्हटली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग "आता पुरे" असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं ते तिनं कधी सांगितलं नाही. तेव्हापासून पेटी माळ्यावर आहे. आमच्याकडं याला "त्याग केला" म्हणतात. बेकरबाईंबद्दल लिहायला घेतलं ते या शब्दापायीच.

बाई १९३३ साली यॉर्कशरमध्ये हॅटफील्ड गावात जन्मल्या. वडील इंजिनियर, हौसेनं चर्चमध्ये गाणारे. दहाव्या वर्षी थोरला भाऊ हृदयविकारानं गेला आणि घराची जबाबदारी आपल्यावर आली असं त्या पोरीनं मनानं घेतलं. पुढे लीड्सला बँकेत नोकरी, तिथनं लंडनला, हेलेने इझेप यांच्याकडे शिक्षण. १९५६ साली कॅथलीन फेरियर यांच्या नावाच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला, आणि त्याच वर्षी बसनं धडक दिली. पाठीचं ते दुखणं पुढं जन्मभर सोबत राहिलं. ओळख एवढी पुरे. खरी ओळख आवाजातच आहे.

मेझो-सोप्रानो म्हणजे बायकांचा मधला आवाज. ऑपेरात नायिका बहुतेक वेळा सोप्रानो असते, म्हणजे वरच्या पट्टीची. मेझोच्या वाट्याला आया, दाया, चेटकिणी, सवती येतात, नाहीतर पोरं आणि पुरुष. आपल्याकडं पुरुषांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली, तिकडं बाई अंगरखा घालून ज्युलियस सीझर होते. बेकरबाईंनी हॅण्डलचा हा सीझर १९७९ साली लंडनला इंग्रजीतून गायला. ताना मोत्यांसारख्या स्पष्ट, पण मला तिथं त्या थोड्या फार सज्जन वाटतात. सीझर इतका सज्जन असेल असं वाटत नाही.

त्यांची जागा दुःखात आहे. पर्सेलच्या ऑपेरात डायडो राणी मरताना गाते, ते बाईंनी १९६१ साली ध्वनिमुद्रित केलं. खाली खर्जात एकच ओळ फिरून फिरून येते. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, मग शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम, असं अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरत जाणं. आपल्या रागांत अशी सगळी घरं ओळीनं कुणी घेत नाही, म्हणून पहिल्यांदा कानाला पायरी चुकल्यासारखं होतं. ही ओळ काही केल्या थांबत नाही, आणि राणीचं गाणं तिच्या वरून जातं, तिच्या समेवर नेमकं न पडता. इथं रडायची सोय पुष्कळ आहे, आणि पुष्कळ जणी रडतातही. बाई रडत नाहीत. मला आठवा, एवढंच मागणं दोनदा करते राणी, आणि दुसऱ्या वेळी बाई आवाज वाढवायच्या ऐवजी जणू आत घेतात. मंडळात हे लावलं तेव्हा पापड लाटायच्या गप्पा चाललेल्या बायकासुद्धा गप्प झाल्या.

दुसरं ऐकवलं ते एल्गारच्या 'सी पिक्चर्स'मधलं, बार्बिरोलींबरोबर १९६५ साली केलेलं. समुद्रावरच्या पाच कविता. त्यातली दुसरी, अगदी लहानशी, एल्गारच्या बायकोची, ॲलिसची आहे. लग्नाआधी तिची स्वतःची पुस्तकं छापून आली होती. लग्नानंतर नवऱ्याच्या कोऱ्या कागदांवर संगीताच्या रेघा आखून द्यायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं. बाई ते गाणं फार हलकं गातात, काही दाखवायला जात नाहीत, आणि तेच बरं. पाचांत हे सगळ्यात साधं, त्यामुळं लोक पुढच्या मोठ्या गाण्यांकडं धावतात. मी मात्र आता याच्यावरच थांबते.

उणं काही नाहीच असं नव्हे. बर्लिओझच्या 'ले न्वी देते'चं पहिलं गाणं वसंतातलं आहे, दोघं रानात फुलं-फळं गोळा करायला निघालेत. बाई तिथंही एखाद्या व्रताला बसल्यासारख्या गातात. खट्याळपणा त्यांना जमतो, पण आधी ठरवून जमतो. पुढची गाणी मरणाची नि विरहाची लागली की मग त्यांना घरी आल्यासारखं होतं.

ब्रिटन यांनी 'फीड्रा' हा पंधराएक मिनिटांचा तुकडा खास त्यांच्यासाठी लिहिला. १९७६ च्या जूनमध्ये ऑल्डबरोला तो त्यांनी पहिल्यांदा गायला, डिसेंबरात ब्रिटन गेले. त्याच साली बाईंना 'डेम' किताब मिळाला.

आणि १९८२. त्या वर्षी त्यांनी ऑपेरा सोडला. आवाज गेला म्हणून नव्हे, कुणी पुरे म्हणालं म्हणूनही नव्हे. वय अठ्ठेचाळीस. शेवटचे तीन निरोप स्वतः निवडले: कॉव्हेंट गार्डनला आल्सेस्ट, इंग्लिश नॅशनल ऑपेरात मेरी स्टुअर्ट, आणि जुलैत ग्लाइंडबोर्नला ग्लुकचा ऑर्फियो. त्या वर्षाची रोजनिशी 'फुल सर्कल' नावानं पुस्तक झाली. आपल्याकडे अवमौदर्य सांगतात, भूक शिल्लक असताना पानावरून उठायचं. बाह्य तपांत ते उपवासाच्या खालोखाल येतं, आणि मला विचाराल तर जास्त अवघड. पण त्यात एक अट आहे, ताट आपल्यासमोर असायला हवं आणि उठणारी आपली आपण उठायला हवी. वाढायच्या आधीच ताट ओढून घेतलं तर त्याला तप कसं म्हणायचं? त्याचं नाव निराळं आहे, आणि ते आपण आपल्या घरांत उच्चारत नाही. बाईंनी मैफली पुढं १९८९ पर्यंत गायल्या, हेही विसरू नये. सोडलं ते एक, सगळं नाही.

ऑर्फियोचा व्हिडिओ आहे. आक्काला घरी बोलावून दाखवला. बायको दुसऱ्यांदा मेल्यावर ऑर्फियो गातो ती प्रसिद्ध चीज मेजरमध्ये आहे, म्हणजे आपला बिलावल. मी काही बोलायच्या आधीच आक्का म्हणाली, "दुःखाचं म्हणतेस, आणि सगळे शुद्ध स्वर?" मग बराच वेळ बघत राहिली. १९८२ सालचं आहे म्हटल्यावर म्हणाली, "माझं लग्न त्याच वर्षीचं."

शेवटी पडदा पडला तरी ती उठेना. मला वाटलं आता डोळे पुसेल. तर म्हणाली, "चांगलीच आहे गं. पण स्वर लागला की हलवते का? ठेवावा की सरळ." मी सांगितलं, ती त्यांची रीतच आहे, आणि बाई इतरांपेक्षा खूप कमी हलवतात. "रीत असू दे," आक्का म्हणाली, "त्या 'आठवा'मध्ये नव्हतं हलवलं. तिथं कसं जमलं मग? लाव बघू परत ते." परत लावलं. दुसऱ्यांदाच्या 'आठवा'मध्ये शेवटी थोडं हलतंय असं माझं म्हणणं, नाही असं तिचं. चौथ्यांदा लावलं तरी मिटलं नाही.