‘भूल’ या शब्दाचे ओझे : दंतोपचारातील शामक पर्याय आणि संमतीची भाषा

प्रस्तावना

दंतोपचाराची भीती ही केवळ वेदनेची भीती नसते. सुई, यंत्राचा आवाज आणि तोंड उघडे असताना बोलता न येण्याची असहायता यांचाही तीत वाटा असतो. अशा रुग्णांसाठी शामक पर्याय उपलब्ध आहेत. तथापि अनेक दंत महाविद्यालये असलेल्या पुण्यातही हे शास्त्र इंग्रजीतून शिकविले जाते आणि बहुसंख्य रुग्णांना ते मराठीतून समजावून द्यावे लागते. या दोहोंमधील अंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची चिकित्सा

व्यवहारात हिरडी बधिर करणारे इंजेक्शनही ‘भूल’ आणि शस्त्रक्रियागृहातील संपूर्ण बेशुद्धीही ‘भूल’च. वस्तुतः पहिलीत रुग्ण पूर्ण जागा असतो. दुसरीत त्याला वेदनेनेही जाग येत नाही. शामक उपचार या दोन टोकांच्या मधले आहेत. त्यांसाठी रूढ असलेला ‘गुंगीचे औषध’ हा शब्दप्रयोग प्रवाशांना लुटल्याच्या बातम्यांनी डागाळला आहे. ‘शामक’ हा शब्द निर्दोष, परंतु ग्रांथिक आहे.

पर्यायांचे स्वरूप

नायट्रस ऑक्साइड हा वायू प्राणवायूसह नाकावाटे देतात. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ साली याच वायूच्या अमलाखाली स्वतःचा दात काढून घेतला होता. आजच्या पद्धतीत रुग्ण बोलू शकतो, सूचना पाळतो. वायू थांबविल्यावर काही मिनिटांत परिणाम ओसरतो. मात्र नाक चोंदलेले असल्यास तो उपयोगी पडत नाही. मिडाझोलामसारखे औषध तोंडावाटे दिल्यास परिणाम बराच वेळ टिकतो आणि उपचारादरम्यानचे पुष्कळसे आठवत नाही. सोबत जबाबदार व्यक्ती हवी आणि त्या दिवशी वाहन चालवू नये, ही सूचना दुचाकींच्या या शहरात औपचारिक मानता येणार नाही. शिरेवाटे दिलेल्या औषधाची मात्रा अधिक नेमकी ठेवता येते. परंतु श्वसन मंदावण्याचा धोका असल्याने प्रशिक्षित व्यक्ती व सतत देखरेख अनिवार्य ठरते.

या तिन्ही प्रकारांत वेदना थांबविण्यासाठी हिरडीतील इंजेक्शन बहुधा द्यावेच लागते. सुई टळेल या समजुतीने ‘भूल’ स्वीकारणाऱ्या रुग्णाला हे आधी सांगितले नाही, तर त्याचा विश्वासच ढळतो.

निष्कर्ष

अधिक माहितीने भीती वाढते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु अर्धवट माहितीवर घेतलेली सही ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली उपचारांचे स्वरूप, पर्याय व प्रमुख धोके सांगितल्यावरच संमती ग्राह्य मानली आहे. मी जागा असेन का, दुखेल का, नंतर आठवेल का, घरी कोण नेईल, या चार प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत देणारे संमतिपत्र दंत महाविद्यालये आणि मराठी विभाग यांनी एकत्र येऊन सिद्ध करावे. नवा पारिभाषिक शब्द घडविण्यापेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे.